कॉन्टेसाचे बुश

रविवारी सकाळी साडेनऊला महेंद्र ओव्हाळ शिरूरच्या घरी, आपल्याच पोर्चमध्ये, आपल्याच गाडीखाली उताणा पडून एक प्रश्न सोडवत होता. डोकं आत गेलं होतं, खांदे आत गेले होते, पोट बाहेर राहिलं होतं. कॉन्टेसा १९९० सालची होती, पोट २००५ नंतरचं. गाडी जॅकवर आणखी दोन बोटं उचलायची की श्वास सोडायचा, एवढंच ठरवायचं होतं. त्यानं श्वास सोडला आणि आत सरकला.

"गेले का आत?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून नीलमनं विचारलं.

"गेलो."

"बाहेर येताना हाक मारा. मी आन् आई मिळून पाय ओढू."

बायकोच्या अशा वाक्यात काळजी किती आणि चेष्टा किती, याचं प्रमाण काढायचा नाद महेंद्रनं लग्नाच्या तिसऱ्या वर्षीच सोडला होता. बाकी सगळ्याचं प्रमाण तो काढत असे. रांजणगावच्या एका कारखान्यात तो क्वालिटी मॅनेजर होता. सव्वीस वर्षांत त्याच्या सहीनं एकही चुकीचा माल गेटबाहेर गेला नव्हता, आणि हे तो ज्यांना ठाऊक होतं त्यांनाही पुन्हा सांगत असे. घरातही त्याची एक वही होती. तिच्या पुढच्या पानांवर गाडीच्या कामाच्या नोंदी होत्या. मागच्या पानांवर घरात कोण कोणाशी किती बोललं, याच्या.

मागच्या पानावर गेल्या तीन महिन्यांची नोंद अशी होती : आप्पा माझ्याशी थेट बोलले, दोन वेळा. एकदा "गेट लाव" आणि एकदा "सरक." दुसरं बहुधा मांजराला उद्देशून होतं. पण नमुनेच इतके कमी होते, की त्यानं तेही धरलं होतं.

आप्पा म्हणजे महेंद्रचे वडील मच्छिंद्र ओव्हाळ, वय चौऱ्याहत्तर, दौंडच्या लोको शेडमधले निवृत्त फिटर. ते पोर्चच्या दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत गाडीकडे पाठ करून बसले होते. पाठ अशा बेतानं केली होती, की डोळ्यांना काही दिसू नये आणि कानांतून काही सुटू नये.

भांडण म्हणावं असं काही झालंच नव्हतं. ऑगस्टात आप्पा पाण्याच्या मोटरचं सील बदलत होते. नेमके तेव्हा महेंद्रच्या हाताखालचे दोन इंजिनिअर घरी आले होते. आप्पांच्या हातातला स्क्रू तीनदा पडला. चौथ्यांदा पडल्यावर महेंद्र म्हणाला, "आप्पा, तुमचं आता राहू द्या. हात थरथरतोय." बोलताना त्याला वाटलं, आपण फार समजूतदारपणे बोललो. आप्पांनी स्क्रू उचलून त्याच्या तळहातावर ठेवला, पाने पुसून निळ्या लोखंडी पेटीत लावले आणि पेटीला कुलूप घातलं. तेव्हापासून ती उघडली नव्हती.

आज ती पेटी उंबऱ्याबाहेर येऊन बसली होती.

"आई, पेटी बाहेर कशाला काढली?" महेंद्रनं सकाळीच विचारलं होतं.

"मला काय इचारतो? त्यांस्नी इचार," आक्काबाई म्हणाल्या. "सीमा यीतीय न्यायला. आपून लग्नाला म्हनून दौंडला चाललोय, असं मला सांगितलंय."

"लग्नाला दहा दिवसांचे कपडे लागतात. पेटी कशाला?"

"त्येच म्हन्ते मी," आक्काबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग महेंद्रला कळलं. कपड्यांची पिशवी घेऊन गेलेला माणूस परत येतो. पान्यांची पेटी घेऊन गेलेला फिटर परत येत नाही.

म्हणून आज गाडी पुरी झालीच पाहिजे होती. आप्पांनी ती सत्त्याण्णवमध्ये जुनी म्हणून घेतली, दोन वर्षं रोज संध्याकाळी खोलून-जोडून उभी केली आणि नव्याण्णवमध्ये आपल्या लेकीला, सीमाला, तिच्यातूनच मांडवात नेलं. दौंडच्या रेल्वे लायनीत त्याआधी नवरी जीपनं गेली होती, टेम्पोनं गेली होती, कॉन्टेसानं कुणी गेली नव्हती. आता सीमाची मुलगी गौतमी हट्ट धरून बसली होती, की तीही त्याच गाडीतून जाणार. दिवाळीत महेंद्र गाडी दौंडला घेऊन गेला, तेव्हा न्हावऱ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या प्रत्येक खड्ड्यात पुढून 'गुडूक' असा आवाज आला आणि स्टेअरिंग आपल्या मनानं डावीकडे बघायला लागलं. गौतमी असिस्टंट लोको पायलट. ती चाकाशी बसून म्हणाली, "मामा, पुढचे बुश गेलेत." आणि महेंद्र सगळ्यांदेखत बोलून बसला, "मी स्वतः बदलतो. मेकॅनिकला हात लावू देणार नाही."

बुश म्हणजे लोखंडी नळीत ठासून बसवलेलं रबर. चाक ज्या लोखंडी हातानं गाडीला धरतं, त्या हाताच्या खांद्यात ते बसतं आणि आयुष्यभर दोन्हीकडचे धक्के खातं. महेंद्रनं हे नीलमला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी आपल्या घरात मी."

तीन रविवार गेले. पहिल्यात त्यानं स्प्रिंग दाबून दोन्ही बाजूंचे हात काढले आणि त्यात मिलिमीटरचा पाना इंची नटावर चढवून एका नटाच्या कडा गोल केल्या. दुसऱ्यात जुनं रबर जाळून काढताना एवढा धूर झाला, की गल्लीतले चौघं बादल्या घेऊन आले. आज तिसरा. सम्राटनं, त्याच्या मुलानं, बंगळुरूहून पाठवलेले नवे बुश साबणाच्या पाण्यात भिजवून, शिकंज्यात दाबून बसवले होते. हात जागेवर लागले होते. राहिलं होतं ते बोल्ट आवळणं. त्यासाठी महेंद्रनं कारखान्यातला टॉर्क पाना आणला होता. हा पाना ठरलेल्या जोरावर 'टक्' करतो आणि मग माणसानं थांबायचं असतं.

टक्. टक्. टक्. दर टकेनंतर तो हात बाहेर काढून वहीत बरोबरची खूण करत होता. एक नट गोल झालेला, तो कशानंच धरेना. त्याच्यापुढे त्यानं 'निरीक्षणाखाली' असं लिहिलं.

शेवटच्या टकेला फाटकाशी गाडी थांबली. सीमा आणि गौतमी आल्या.

सीमा दौंडला शाळेत मुख्याध्यापिका. कुठंही शिरली की आधी हजेरी घेतल्यासारखी नजर फिरवायची. ती खुर्चीतल्या आप्पांवर फिरली, पेटीवर थांबली आणि शेवटी गाडीखालून निघालेल्या दोन पायांवर आली.

"दादा जिवंत आहे ना?"

"जयभीम सीमाताई. आताच बोलत होते," नीलम म्हणाली. "चहा ठेवते."

"चहा नको, वहिनी. लगेच निघायचंय. आप्पा, पेटी ठेवू का गाडीत?"

"थांब!" गाडीखालून महेंद्र ओरडला. "काम झालंय. एकदा बघ तरी. पाय ओढा कुणीतरी."

गौतमीनं मामाला ओढून काढलं. महेंद्रनं अंग झटकलं आणि कारखान्यात साहेब लोक आल्यावर करतो तसा घसा साफ करून, जॅक सोडून गाडी जमिनीवर उतरवली.

गाडी उतरली. पण पुरी उतरली नाही. पुढून चार बोटं वरच राहिली, नाक आभाळाकडे, जणू तिला कुणी न विचारता फोटोला उभी केली होती. गौतमीनं बॉनेटवर दोन्ही हात ठेवून दाबलं. आतून असा आवाज निघाला, की मांजर पोर्चमधून उठून कंपाउंडच्या भिंतीवर गेलं.

कुईंऽऽ.

"मामा," गौतमी म्हणाली, "मी या आवाजावर मांडवात जाऊ? बँडवाले बंद पडतील."

"नवीन रबर आहे. बसेल हळूहळू."

खुर्ची करकरली. तीन महिन्यांत पहिल्यांदा आप्पांनी ती गाडीकडे वळवली. त्यांनी महेंद्रकडे पाहिलं नाही.

"गौतमे, तुज्या मामाला इचार, बोल्ट कवा आवळलं?"

"मामा, बोल्ट कधी आवळले?"

"आत्ता. गाडी वर असताना. सगळे टॉर्कनं."

"वर असताना, आप्पा."

"त्येला इचार, वर असताना चाक कुठं व्हतं?"

चाक लोंबत होतं. हात खाली झुकलेले होते, आणि त्यानं बुश त्या झुकलेल्या जागीच गच्च बांधून टाकले होते. गाडी खाली आली, हात वर सरकले, आतलं रबर पिळलं गेलं. आता ते रबर जन्मभर आधीच्या जागी जायला ओढणार, आणि महिन्याभरात फाटणार. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचा माल तपासलेल्या माणसानं चुकीच्या जागी अचूक जोर लावला होता आणि प्रत्येक वेळी वहीत बरोबरची खूण केली होती.

"आप्पांना हे आधीच माहीत होतं?" सीमानं विचारलं.

"सकाळपासनं टक टक ऐकतुया," आप्पा गौतमीला म्हणाले. "मला कुनी इचारलं न्हाई. माजं राहू द्यायचं ठरलंय."

नीलमनं महेंद्रकडे बघितलं. ती नजर वहीत लिहिण्यासारखी नव्हती.

"मग आता, आप्पा?" गौतमीनं विचारलं.

"आता बुश वजन धरून आवळायचं. गाडी चाकावर उबी पायजे, आन् तिच्यात जेवढी मानसं बसनार तेवढी बसल्याली पायजेत. रिकाम्या गाडीचं माप खोटं." आप्पा उठले. "घरामागं स्लीपरचं चार तुकडं हायत. एकेका चाकाखाली एक. मंजी खाली मानूस जाईल. मानूस बारीक आसला तर."

रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे ते ओंडके आप्पांनी दौंडहून येताना आणले होते. घरातलं कुणीही आजवर त्यांचं कारण विचारलं नव्हतं. महेंद्र आणि गौतमीनं ते आणून एकेका चाकाखाली सरकवले, पुढंमागं विटा लावल्या, आणि महेंद्र पुन्हा आत शिरून मघाचे सगळे बोल्ट सैल करून बाहेर आला. गाडीनं एकदा सुस्कारा सोडला आणि नाक खाली केलं.

"लग्नादिशी कोन कोन बसनार?"

"मागं मी, आई आणि आज्जी," गौतमी म्हणाली. "पुढं मामी. मामा चालवणार."

"मामा तर खाली जानार. मग त्येच्या वजनाचं काय बसवायचं?" आप्पांनी मुलाला पहिल्यांदा नखशिखांत पाहून घेतलं, पण मालाकडे बघतात तसं. "गव्हाचं पोतं आना पन्नास किलोचं. वर भरल्याला सिलिंडर."

पोतं ड्रायव्हरच्या जागी बसवलं, मांडीवर सिलिंडर ठेवला. नीलमनं पोत्याला पट्टा लावला आणि वर आपली जुनी ओढणी बांधली. पोतं अंगानं थोडं सैल, मान नसलेलं, पण एकंदरीत ओळखू येण्यासारखं होतं.

"अगदी हुबेहूब," सीमा म्हणाली.

"पोतं जरा जास्त शांत आहे," नीलम म्हणाली आणि शेजारी बसली. मागं आक्काबाई, गौतमी आणि सीमा बसल्या.

"डिकी मोकळी हाय," आप्पा म्हणाले. "नवरीची बॅग असती. ती पेटी ठिवा बॅगंच्या वजनाला."

"पेटी माझ्या गाडीत जायची आहे ना?" सीमानं आतून विचारलं.

"मागनं जाईल."

त्यांनी स्वतः कुलूप काढलं. पेटीतून एक पाना काढला, बाकीची पेटी महेंद्रनं उचलून डिकीत ठेवली. पाना साडेपाच सुताचा होता. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. शेडमधली माणसं त्याच भाषेत बोलायची. महेंद्रच्या नव्या सेटमध्ये बत्तीस पाने होते आणि हा एक नव्हता.

"मामाला म्हनावं, जा आत."

मामा आत गेला. चार दारं बंद झाली. आता महेंद्रच्या छातीवर साऱ्या घराचं बूड होतं, मध्ये फक्त पत्रा. बाहेर मडगार्डपाशी आप्पांच्या चपला दिसत होत्या. त्यानं पहिला नट धरला.

पाच मिनिटं एका जागी बसून राहायची या घराला सवय नव्हती. मग नीलमचा आवाज आला, पण नवऱ्याला हाक मारायचा.

"अहो, ऐकता का?"

"बोल," महेंद्र खालून म्हणाला.

"तुम्ही गप बसा. मी पोत्याशी बोलतेय."

मागं गौतमी खिंकाळली.

"अहो, ऐकता का? बरं वाटतंय तुमच्याशी बोलायला. मधी बोलत नाही तुम्ही. तर सांगायचं हे की ऑगस्टापासनं आपल्या मोरीचा नळ गळतोय. तुम्ही तीनदा प्लंबर आणलात. तिन्ही वेळा त्यानं वायसर उलटा घातला. तिन्ही वेळा आप्पांनी खुर्चीत बसून ते बघितलं आन् उठून आत गेले. मला तो नळ रात्रंदिवस ऐकू येतो, तुम्हाला येत नाही. तुम्ही वहीत काय लिहिता कोण जाणे."

पोतं काही म्हणालं नाही. खाली एका नटाला पाव फेरा जास्त बसला.

"वहिनी," सीमा हळूच म्हणाली, "हे मला फोनवर का नाही सांगितलंत? मला वाटत होतं..."

"काय वाटत होतं? मी त्यांना घालवतेय?"

सीमा खिडकीची काच खाली-वर करू लागली. म्हणजे तेच वाटत होतं.

"तुम्ही मला कधी फोन केलात, सीमाताई? आईंना करता. आई काय सांगणार? त्या दोन्हीकडं हो म्हणतात."

"मला मधी घिऊ नका," आक्काबाई म्हणाल्या. मग स्वतःच मध्ये आल्या. "आन् घ्यायचं तर आधी घ्यायचं व्हतं. मला इचारलं का कुनी, दौंडला जायाचं का म्हनून? आपली क्वार्टर गेली. शेजारची सारी मानसं पांगली. सीमा दिसभर शाळंत, ही पोरगी नांदायला भांडगावला. म्या कुनाशी बोलू, कुकरशी? हितं निदान नीलम भांडती तरी."

"मी कुठं भांडते?"

"भांडती. मला त्याबगार जेवान जात न्हाई."

मडगार्डपाशी चपलांनी जागा बदलली. उजवी डावीवर चढली, पुन्हा खाली आली. आप्पांनी हे आधी ऐकलं नव्हतं, हे महेंद्रला त्या चपलांवरून कळलं. तीन महिने तोंडाकडे बघून त्याला एवढं कळलं नव्हतं.

"आई, मग तू तसं आप्पांना का नाही म्हणालीस?" सीमानं विचारलं.

"त्यांनी पेटी भरली. भरल्या पेटीला काय म्हनायचं?" आक्काबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "आन् काय वो, सारी जागा भरली की. लग्नादिशी तुमी कुठं बसनार?"

चपला हलल्या नाहीत.

"मी यीन येष्टीनं."

ज्यानं ही गाडी खिळ्याखिळ्यानं उभी केली, त्याची जागा धरायला कुणी विसरलं नव्हतं. प्रत्येकानं ती दुसऱ्यानं धरली असेल, असं धरलं होतं. महेंद्र पत्र्याखाली पडल्या पडल्या मनात यादी तपासत होता. गाडी, बोल्ट, बुश, साबणाचं पाणी, सगळं होतं. आप्पा कुठल्याच रकान्यात नव्हते.

पुढचं दार उघडलं. नीलम उतरली.

"आप्पा, बसा. मी सीमाताईंच्या गाडीतनं येईन. आम्हाला दोघींना बरंच बोलायचंय, ते आजच बोलून घेऊ."

"हो, तीन महिन्यांचं," सीमा मागून म्हणाली.

आप्पा थोडे थांबले. मग बसले. दार लागलं.

"गौतमे," वरून आवाज आला, "मामाला म्हनावं, सारं सैल कर. म्या नीलमपेक्षा बारा किलो हलका हाय."

"आप्पा!" नीलम बाहेरून ओरडली.

बारा किलोनं बुशाला काहीही फरक पडत नाही, हे महेंद्रला माहीत होतं. कारखान्यात असं कुणी म्हणालं असतं तर त्यानं त्याला आकडे मागितले असते. त्यानं सगळे नट सैल केले आणि पुन्हा आवळले. दंड भरून आले. घाम कानात गेला. वर आप्पा गौतमीमार्फत अर्धा फेरा, पाव फेरा, 'आता बास' असं सांगत होते. ते आवाजावरून सांगत होते आणि प्रत्येक वेळी टॉर्क पाना त्यांच्या 'बास'च्या अलीकडे किंवा पलीकडे नव्हे, बरोबर त्यावर टक् करत होता. चौथ्या नटाला महेंद्रनं टॉर्क पाना बाजूला ठेवला आणि नुसता आवाज ऐकत आवळलं.

शेवटी तो गोल नट राहिला. वरच्या हाताचा, बॉनेट उघडून वरून पोचणारा. महेंद्र पाय ओढवून घेऊन बाहेर आला. बॉनेट उघडलं, साडेपाच सुती पाना लावला. पाना निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. त्याच्या अंगठ्याचं साल गेलं.

त्याला वाटत होतं, हे म्हणायला फार तयारी लागेल. तोंडातून आलं ते असं :

"आप्पा, मला जमत नाय. तुम्ही करा."

आप्पा उतरले. त्यांच्या जागी नीलम बसली, वजनाला. ड्रायव्हरकडचं दार उघडून आप्पांनी पोत्याकडे बोट दाखवलं.

"गौतमे, पोतं काढा. आता खरं वजन रिकामं हाय, त्येला बसवा."

महेंद्र आपल्या जागी बसला. समोर बॉनेट उभं, काही दिसत नव्हतं. फक्त बॉनेटच्या खालच्या फटीतून दोन हात दिसत होते. पाना हातात थरथरत होता, लोखंडाला लागून टिकटिक वाजत होता. महेंद्रनं आपले गुडघे घट्ट धरले. उठून जावंसं वाटलं, पण वजन हलून चालणार नव्हतं. टिकटिक चालूच. मग पाना नटावर बसला आणि आवाज थांबला. थरथरही थांबली. नटाच्या उरलेल्या कडा त्या हातांनी कुठंतरी शोधून धरल्या, आणि दोन फेऱ्यांत, कसली घाई नसल्यासारखा, नट जागेवर गेला.

"मोटरीच्या वेळंलाबी असंच व्हतं," मागून आक्काबाई कुणालाही न उद्देशता म्हणाल्या. "स्क्रू बसंस्तवर थरथरत्यात. मग न्हाई."

सगळे उतरले. गौतमीनं बॉनेट लावलं आणि दोन्ही हातांनी दाबून सोडलं. गाडी खाली गेली, वर आली, थांबली. काही वाजलं नाही. मांजर भिंतीवरूनच बघत होतं.

सीमानं डिकीकडे मोर्चा वळवला.

"चला आप्पा, उशीर झाला. पेटी काढते."

"पेटीला हात लावू नको."

"का?"

आप्पा फडक्यानं पाना पुसत होते. "तिचं वजन धरून बुश आवळल्यात. काढली की पुढचं माप बिघडनार."

सीमा शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या कपाळावर आठी आली.

"आप्पा, पेटी मागच्या चाकाच्याही मागं आहे. तिचा पुढच्या बुशाशी काय संबंध? आणि मग काय, ती कायम डिकीतच? लग्न झाल्यावर गाडी तर शिरूरला येणार."

"मग पेटीबी शिरूरला यील," आप्पा म्हणाले. "पेटीमागं मला यावं लागंल. त्याला काय इलाज?"

"दादा, तू सांग. तू क्वालिटीवाला. असं असतं का?"

सगळ्यांनी महेंद्रकडे बघितलं. आप्पांनी नाही. ते पान्याचं तोंड पुसत होते, आतून, बाहेरून, जिथं काही लागलेलं नव्हतं तिथंही.

महेंद्रला उत्तर पाठ होतं. तीस किलोची पेटी, मागच्या आसाच्या मागं. पुढच्या सस्पेन्शनवर परिणाम शून्य. उलट झालाच तर केसभर हलकं होईल. असा अहवाल कुणी टेबलावर ठेवला असता, तर त्यानं तो लाल पेनानं परत पाठवला असता.

"असतं," तो म्हणाला. "जुन्या गाड्यांत असतं. पेटी काढली तर सगळं परत सैल करावं लागेल, आणि माझं पोट आज तिसऱ्यांदा खाली जाणार नाही."

"चौथ्यांदा," नीलम म्हणाली.

सीमानं भावाकडे पाहिलं, मग आप्पांकडे, मग आईकडे. आक्काबाई ओढणी सोडून पोत्याचं तोंड नीट बांधत होत्या आणि हसू येऊ नये म्हणून ओठ आत घेत होत्या.

"बरं," सीमा म्हणाली. "चहा टाका, वहिनी. साखर कमी. आणि तो नळ कुठला, दाखवा."

नीलम आणि सीमा आत गेल्या. महेंद्रनं बॉनेटवर वही उघडली. सगळ्या मघाच्या खुणा खोडल्या, 'निरीक्षणाखाली' खोडलं, आणि खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं : डिकीतील पेटी हा पुढील सस्पेन्शनचा भाग आहे. काढू नये. मग त्यानं सही केली. सव्वीस वर्षांत त्याच्या सहीनं गेटबाहेर जाणारा हा पहिला चुकीचा माल होता.

आप्पा शेजारी येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि शेरा ओठ हलवत, शब्दाशब्दानं वाचला. दोनदा वाचला.

"तारीख टाक," ते म्हणाले.

गौतमी आत गेली होती. मांजर अजून कंपाउंडच्या भिंतीवर होतं. शंकेला जागा नव्हती.

महेंद्रनं तारीख टाकली. मग वहीचं मागचं पान उलटून त्यानं दोनाचे तीन केले.